तोच का?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिंडोरी तालुक्यात माझ्या मामाचं शेत आहे. तेव्हा निम्म्या रानात द्राक्षं होती, उरलेल्यात गहू आणि एका कडेला ऊस. डिसेंबरची थंडी होती आणि त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. गव्हाला पाणी भरायला मामा निघाला तेव्हा हौसेनं मीही सोबत गेलो. शेजारच्या वस्तीवरचे आप्पाही आमच्याबरोबर होते. त्यांच्या खांद्यावर त्यांच्या वडिलांच्या वेळची, पीक राखायच्या परवान्यावर मिळालेली ठासणीची बंदूक होती. त्या पंधरवड्यात आसपासच्या दोन वस्त्यांवरून शेळ्या गेल्या होत्या. उसात बिबट्या आहे हे सगळे धरूनच चालले होते.

साडेदहाच्या सुमारास बांधापलीकडे, उसाच्या कडेला, बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले. डोळ्यांच्या मागचं काहीच दिसत नव्हतं. आप्पांनी बंदूक खांद्याला लावली. मी इतका घाबरलो होतो की त्यांनी चाप ओढावा असं मला मनापासून वाटत होतं. मामा हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, थांबा. नीट बघू द्या आधी." त्यानं झोत थोडा बाजूला सरकवला. डोळे हलले, आणि मग पाठीचा उतार दिसला. पुढचा भाग उंच, मागचा बसका, मानेवर आयाळीसारखे ताठ केस. "तरस आहे," मामा म्हणाला. आप्पांनी बंदूक खाली घेतली. तरस लंगडल्यासारखं चालत ओढ्याकडे उतरून गेलं. सकाळी ओल्या मातीत त्याचे ठसे पाहिले. प्रत्येक बोटापुढे नखाची टोचणी स्पष्ट उमटलेली होती.

गोष्ट एवढीच. पण तिच्यातला एक प्रश्न मला सोडत नाही. आप्पांनी गोळी घातली असती तर ती चूक ठरली असती, हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी मान्य होतं, कारण तो तरस होता आणि शेळ्या नेल्याचा संशय बिबट्यावर होता. समजा, झोतात बिबट्या दिसला असता. मग गोळी बरोबर ठरली असती? कायद्यानं नाहीच, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. आणि तो बिबट्या शेळ्या नेणारा नसून भलताच असता तर? तरसाला बिबट्या समजणं ही चूक आहे, मग एका बिबट्याला दुसरा बिबट्या समजणं ही त्याच जातीची चूक आहे, की ती चूक मुळी नाहीच?

*

पहिल्या प्रकारची चूक शिकून टाळता येते. बिबट्या लांबट आणि जमिनीलगत चालणारा, पाठ जवळजवळ सरळ, शेपटी लांब आणि टोकाशी वर वळलेली, वळलेल्या टोकाची आतली बाजू पांढरी. तरसाची पाठ मागे उतरती, अंगावर ठिपके नसून पट्टे. कोल्हा शिडशिडीत. रानमांजराचे पाय उंच आणि शेपटी आखूड. पिल्लू बिबट्या समजून ज्याला गावोगाव घेरलं जातं ते पुष्कळदा हेच असतं. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात नखं उमटत नाहीत; कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि तरस यांच्या ठशात उमटतात. डोळे मात्र सगळ्यांचेच चमकतात, शेळीचेसुद्धा. रात्री नुसत्या डोळ्यांवरून ओळखणारा माणूस खरं तर प्राण्याला ओळखत नसतो, स्वतःच्या भीतीला ओळखत असतो.

आपली भाषाही इथे फारशी मदत करत नाही. गावाकडे बिबट्याला सर्रास 'वाघ' म्हणतात. वर्तमानपत्रं अधूनमधून त्याला 'चित्ता' करून टाकतात. नीलगाय गाय नाही. नावं सैल असली की नजरही सैल होते. जुने शिकारी आणि शिकारीवर जगलेले समाज मात्र या बाबतीत काटेकोर होते. फासेपारध्याला तित्तराच्या हाकेवरून नर की मादी, हे सांगावं लागे, कारण त्याचं पोट त्यावर चालत होतं. ओळखण्याची ही कला दयेतून आलेली नव्हती, गरजेतून आलेली होती. तरी ती कला होती, आणि तिचा पहिला नियम एकच: आधी बघ.

हा नियम मोडल्यावर काय होतं, हे आपल्या दोन महाकाव्यांनी वारंवार सांगितलं आहे. दशरथानं अंधारात पाण्याचा आवाज ऐकला आणि हत्ती पाणी पितो आहे असं समजून शब्दवेधी बाण सोडला. तो घडा भरणारा श्रावण होता. पंडूनं हरणांची जोडी मारली. तो हरणाच्या रूपातला किंदम ऋषी आणि त्याची पत्नी होती. जरा नावाच्या पारध्यानं झाडीतून हरीण पाहिलं. तो कृष्णाचा पाय होता. गंमत अशी, की हे तिघेही अनाडी नव्हते. दशरथाला तर आपल्या कौशल्याचाच अभिमान होता. न पाहता अचूक मारता येणं, हीच त्याची विद्या होती. बाण अचूक लागला, आणि तीच दुर्घटना ठरली. नेमबाजी आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत पारंगत असलेल्याला दुसरीची गरज वाटेनाशी होते.

चौथी गोष्ट तर आमच्या नाशिकचीच. पंचवटीत सोन्याचं हरीण दिसलं. दिंडोरीच्या वाटेवर रामशेज किल्ला आहे; तिथे राम निजत असे, असं लोक सांगतात. त्यामुळे या भागात ही कथा पुस्तकातली वाटत नाही, शेजारच्या गावची वाटते. लक्ष्मणाला लगेच संशय आला की हे हरीण नाही, मारीच आहे. वाल्मीकीच्या रामाचं यावरचं उत्तर फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचा आशय असा, की हे खरोखर हरीण असेल तर त्याचं कातडं सीतेला हवंच आहे, आणि तू म्हणतोस तसा राक्षस असेल तर त्याला मारणं माझं कर्तव्यच आहे. म्हणजे काहीही असलं तरी मारायचंच. ओळखीचा प्रश्न त्यानं सोडवला नाही, निकालात काढला. मला हा युक्तिवाद फार महत्त्वाचा वाटतो, कारण आज बिबट्याच्या बाबतीत नेमका हाच युक्तिवाद आपण करतो.

*

आता दुसऱ्या प्रकारची चूक.

गेल्या काही वर्षांत दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या आत तिघे गेले. लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. त्याआधी २०२० च्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टी आणि सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यांत एकामागून एक माणसं मारली गेली, आणि १८ डिसेंबरला करमाळ्यात एका बिबट्याला मारण्यात आलं. अशा प्रत्येक वेळी गावानं सुटकेचा श्वास घेतला. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तो प्रश्न विचारला: तोच होता का?

हा प्रश्न कायद्यातच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून, लेखी आदेशानं त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. पण त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, याची त्यांची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. शब्द 'बिबटे' असा नाही. धोकादायक झालेला तो एक प्राणी, असा आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हेही याच कलमात आहे. हे योग्यच आहे. अंगावर आलेल्या प्राण्याची ओळख पटवायची नसते. तो अंगावर आला, हीच त्याची ओळख. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, जेव्हा अंगावर कुणी आलेलं नसतं आणि आपण शोधायला निघतो.

ओळख पटवायची कशी? बिबट्याच्या अंगावरचे गुलाबाच्या आकाराचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. पण डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीवर नसते. कॅमेऱ्यानं डावी बाजू टिपली आणि झोतात उजवी दिसली, तर ते छायाचित्र कामाचं नाही. पावलांच्या ठशांवरून एकेक वाघ मोजण्याची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षं चालली. २००५ मध्ये सरिस्कात वाघच उरले नाहीत हे उघड झालं, तेव्हा त्या पद्धतीची पत संपली आणि कॅमेरे आले. जखमेवरच्या लाळेतून डीएनए काढता येतो. त्यासाठी नमुना वेळेत आणि नीट घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, वाट पाहावी लागते. हे सगळं होईपर्यंत गावात रोज रात्र होतच असते.

जिम कॉर्बेटला रुद्रप्रयागच्या बिबट्यामागे फिरावं लागलं, आणि १९२६ मध्ये तो मारला गेला तेव्हा सरकारी नोंदीप्रमाणे त्याच्या नावावर सव्वाशे बळी होते. तो तोच आहे हे कॉर्बेटनं अंगावरच्या जुन्या जखमांवरून आणि पायाच्या खुणांवरून ताडून पाहिलं. त्याला काळ मिळाला, आणि डोंगरात बिबटे विखुरलेले होते. आमच्याकडे ऊस आहे. बिबट्याची मादी उसात विते, पिल्लं उसात वाढतात, आणि तोड सुरू झाली की सगळी घरं एकदम मोकळी पडतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल जवळजवळ नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतशिवारात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं आढळली. मामाच्या शेतातल्या त्या रात्रीचं गणित मला हा अभ्यास वाचल्यावर समजलं. आमच्या झोतात जे आलं ते तरस असण्याची शक्यता बिबट्याइतकीच होती. आम्हीच पैज एका बाजूला लावून बसलो होतो. आणि तो बिबट्या असता तरी, शेळ्या नेणारा तोच असण्याची शक्यता आम्ही समजत होतो त्याहून पुष्कळ कमी होती.

*

इथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळता कामा नये.

बिबट्या गुन्हेगार नाही. त्याला पाप-पुण्य नाही, त्यानं मूल ओढून नेलं तेव्हा त्यानं अन्याय केला असं म्हणता येत नाही. मग 'तोच' सापडणं इतकं का महत्त्वाचं? न्यायालयात निर्दोष माणूस फासावर जाऊ नये म्हणून आपण संशयाचा फायदा देतो, कारण त्या माणसाला दोष चिकटत नाही. बिबट्यांपैकी दोष कुणालाच चिकटत नाही. जर कुणीच दोषी नाही, तर 'चुकीचा बिबट्या' म्हणजे काय? हा मेला काय आणि तो मेला काय?

या आक्षेपातलं अर्धं खरं आहे. नरभक्षकाला मारणं ही शिक्षा नाही. जे लोक मेलेल्या बिबट्याभोवती घोषणा देतात त्यांना ती शिक्षा वाटते, आणि त्यांचं दुःख पाहता त्यांना दोष देववत नाही. पण दोष काढून टाकला की मारण्याचं एकच कारण शिल्लक राहतं: पुढचा मृत्यू टाळणं. आणि त्याच कारणासाठी 'तोच' अत्यावश्यक होतो. शिक्षा चुकीच्याला दिली तरी निदान दहशत बसते, असं कुणी म्हणू शकेल. बिबट्यांत दहशत बसत नाही. एकाच्या मरणातून दुसरा काही शिकत नाही. भलत्याला मारलं तर धोका जिथे होता तिथेच राहतो, आणि वर गावाला वाटतं की तो गेला. मुलं पुन्हा अंगणात खेळू लागतात, अंधार पडल्यावर माणसं पुन्हा एकटी मोटारीकडे जातात. चुकीची गोळी बिबट्यापेक्षा माणसालाच महाग पडते. ज्यांना बिबट्याविषयी काडीचं प्रेम नाही, त्यांनी तर 'तोच का?' हा प्रश्न सगळ्यात मोठ्यानं विचारायला हवा.

भलत्याला हलवल्यानं काय होतं ते जुन्नरनं पाहिलं आहे. २००१ ते २००३ च्या सुमारास तिथे माणसांवर हल्ले वाढले, तेव्हा पिंजरे लावून मोठ्या संख्येनं बिबटे धरले गेले आणि दूरच्या जंगलांत सोडले गेले. पिंजरा निवड करत नाही. आतल्या शेळीच्या वासानं जो येईल तो त्याचा. नंतरच्या अभ्यासात दिसलं की हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले, आणि जिथे बिबटे सोडले त्या भागांतही सुरू झाले. ठरलेल्या मुलखातून उपटलेला प्राणी अनोळखी मुलखात बिथरतो, आणि त्याची रिकामी जागा दुसरा तरुण बिबट्या घेतो. म्हणजे ओळख न पटवता केलेली कारवाई नुसती वाया जात नाही, ती नवा धोका निर्माण करू शकते.

दुसरं कारण बिबट्याच्या बाजूचं आहे. दोष नसला तरी जीव आहे. जीव घेण्याला कारण लागतं, आणि ते कारण त्या जिवाविषयीचं असावं लागतं. 'तो बिबट्या आहे' हे कारण पुरेसं मानलं, तर अकोल्यापासून दिंडोरीपर्यंतच्या शिवारांत कुणालाही इजा न करता जगणाऱ्या प्रत्येक बिबट्याविरुद्ध ते पुरेसं आहे. २००९ साली विहिरीतून काढून गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा एक वयस्क नर शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत गावं, महामार्ग, रेल्वे. कुणाला ओरखडा नाही. रात्री एखाद्या बॅटरीच्या झोतात तो आला असता, तर त्याच्या डोळ्यांतही तीच चमक दिसली असती.

*

आता दुसरी बाजू. हे सगळं मी टेबलाशी बसून लिहितो आहे. ज्या आईचं मूल गेलं तिला डीएनएचा अहवाल येईपर्यंत थांबा असं सांगणं सोपं नाही, आणि सांगणाऱ्याच्या घरी रात्रीची थ्री फेज नसते. खात्रीला किंमत असते. ती किंमत शंका काढणारा भरत नाही. रात्री गव्हात उभा असलेला माणूस भरतो. शंभर टक्के खात्री होईपर्यंत गोळी घालायची नाही असा नियम केला, तर त्या थांबण्यात आणखी एक मूल जाऊ शकतं. तो मृत्यू कुठल्याच आदेशात नोंदला जाणार नाही, पण तो आपल्या नियमाचाच मृत्यू असेल. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार मिळत नाही असं मला वाटतं.

मग खात्री किती हवी? माझं उत्तर असं: ती कृती किती मागे घेता येते, त्यावर ठरावी. लोकांना सावध करणं, दिवसा वीज देणं, वस्तीभोवती उजेड करणं, गोठे बंदिस्त करणं, एकट्यादुकट्यानं उसाच्या कडेला न जाणं, यांना बिबट्याची ओळख पटण्याची गरजच नाही. संशय पुरेसा आहे आणि ते पहिल्या तासाला सुरू व्हायला हवं. पिंजऱ्याला त्याहून जास्त कारण हवं: हल्ल्याची जागा, वेळ, ठसे. पिंजरा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात कित्येक बिबट्यांनी उरलेलं आयुष्य काढलं आहे. तीही एक जन्मठेपच. आणि बंदुकीला सगळ्यात जास्त, कारण तिची चूक दुरुस्त होत नाही. गडबड अशी होते की आपण उलट्या क्रमानं चालतो. उजेड आणि दिवसाची वीज वर्षानुवर्षं रखडते, आणि एक मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी एकदम बंदूक मागितली जाते. जे काम ओळखीशिवाय करता आलं असतं ते केलेलं नसतं, म्हणून ओळखीशिवाय करू नये ते करावं लागतं.

या क्रमाचं काय होतं ते यवतमाळमध्ये दिसलं. पांढरकवड्याच्या परिसरात तेरा जणांचे बळी एका वाघिणीच्या नावावर लावले गेले. वन विभागाच्या कागदावर ती टी-१ होती. प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं; आदेशात आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न आणि मग अखेरचा उपाय म्हणून गोळी, असा क्रम होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली, आणि क्रम खरोखर पाळला गेला का यावरून पुढे मोठा वाद झाला. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिला वाचवू पाहणारे तिला 'अवनी' म्हणत. मारू पाहणारे टी-१. नाव आणि क्रमांक दोन्ही एकाच प्राण्याची ओळख सांगत होते, पण नाव उच्चारलं की कोणत्या बाजूचा माणूस बोलतो आहे ते कळत होतं. ओळखणं म्हणजे नुसतं वेगळं काढणं नाही, हे तिथे जाणवलं. कुणी प्रेमासाठी वेगळं काढतं, कुणी मारण्यासाठी. दोन्ही बाजूंना आधी हवं होतं एकच: ती नक्की कोण, आणि तिनं नक्की काय केलं. वाद चढत गेला तसा तोच प्रश्न मागे पडला.

*

मघाशी फासेपारध्यांचा उल्लेख केला. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या कक्षेत येत गेलेल्या जमातींत पारधीही होते. त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण जन्मतःच संशयित ठरला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय अजून गेलेली नाही. मला माणसं आणि बिबटे यांची तुलना करायची नाही; ती करणं अन्याय होईल. मला तुलना करायची आहे ती बघणाऱ्याच्या नजरेची. 'कोण' हे शोधण्याचे कष्ट नको असले, की नजर 'कुठल्या जातीचा' इथेच थांबते. ही सवय प्राण्यांपुरती ठेवू आणि माणसांच्या बाबतीत सोडून देऊ, असं सहसा होत नाही. तित्तराच्या हाकेतला फरक ज्यांना कळत होता, त्यांना मात्र आपण एकमेकांपासून वेगळं ओळखू शकलो नाही. हे मला नेहमी विचित्र वाटतं.

दिंडोरी-पेठच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातले कोकणा आणि महादेव कोळी लोक वाघबारस पाळतात. आश्विन वद्य द्वादशी. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. एकाच तिथीला गायही पुजायची आणि गाय खाणाराही. डोंगरात वाघदेवाची ठिकाणं आहेत. फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. पूर्वी मला वाटायचं की ही भीतीची पूजा आहे. आता वाटतं की ती हिशेबाचीही पूजा असावी. वाघ आहे, आमची जनावरं आहेत, दोघं इथेच राहणार. वर्षातून एकदा ते मोकळेपणानं कबूल करू. पण या पूजेलाही मर्यादा आहे. वाघदेव हा सगळ्या वाघांचा मिळून एक आहे. त्याला नवस बोलता येतो, पण उसातल्या पाचांपैकी कोणता बिथरला आहे ते तो सांगत नाही. ते आपल्यालाच पाहावं लागतं, आणि पाहायला कॅमेरे, माणसं, नोंदी आणि हल्ला होण्याच्या आधीपासूनचं लक्ष लागतं. मूल गेल्यावर सुरू केलेल्या ओळखपरेडीत सगळेच बिबटे सारखे दिसतात.

आप्पा आता नाहीत. त्यांची बंदूक मुलानं पोलिसांत जमा केली. मध्यंतरी मामाकडे गेलो तेव्हा त्या रात्रीचा विषय काढला. मी म्हणालो, "तू थांबवलंस म्हणून बरं झालं." मामा म्हणाला, "मलाही तो बिबट्याच वाटला होता रे." मग का थांबवलंस, असं विचारल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "वाटला होता. दिसला नव्हता."

अंगणापलीकडे ऊस उभा होता, तोड अजून आलेली नव्हती. अंधार पडायला लागला तसं त्यानं नातवाला हाक मारून आत घेतलं, गोठ्याच्या जाळीला कडी घातली आणि बाहेरचा दिवा लावला. त्या तीन गोष्टींसाठी त्याला कुणाचीच ओळख पटवावी लागली नाही.